उंबऱ्याखालचा पत्रा

दार लागत नव्हतं. रिकाम्या गाडीचं लागायचं, माणूस बसला की अडायचं.

केडगावला आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे बबनशेठचं. मी तिथला डेंटर, वीस वर्षं झाली. डेंटर म्हणजे गाडीचा पत्रा सांभाळणारा. ठोकणं, कापणं, वेल्डिंग करणं आणि वेळ पडली तर रंगही. इंजिनशी माझा संबंध नाही.

त्या सकाळी राहुरीकडून एक क्रीम रंगाची अँबॅसिडर आली. स्टिअरिंगवर शकुंतलाबाई, रिटायर्ड शिक्षिका. शेजारी त्यांचे मिस्टर दिनकरराव. साखर कारखान्यात फिटर होते. अपघातात त्यांचा डावा गुडघा कायमचा ताठ झालेला. नव्या गाड्यांत पाय सरळ ठेवून बसता येत नाही, सीटही खाली असतं. अँबॅसिडरचं सीट उंच आणि पुढे जागा भरपूर, म्हणून ही जुनी गाडी घेतलेली. महिन्यातून दोनदा नगरला दवाखान्यात यायचं असतं.

"घेताना एजंटानं सांगितलं, बॉडी पूर्ण रिस्टोअर केलीय, फक्त इंजिनचं काम बाकी आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून आमच्या बजेटात बसली."

इंजिन दिनकररावांनी स्वतः केलं होतं. दारात स्टुलावर बसून, ताठ पाय समोर पसरून, आठ महिने. भंगारातून कार्बोरेटर आणला, पिस्टन रिंगा बदलल्या. आवाज इतका गोड होता की मी दोन मिनिटं नुसता ऐकत उभा राहिलो.

"दाराचं एवढं बघा मिस्त्री," ते म्हणाले. "बिजागरी सैल झाली आसंल."

बिजागरी घट्ट होती. मी त्यांना आत बसायला सांगितलं आणि बाहेरून दाराच्या फटीकडे बघत राहिलो. ते बसले तशी वरची फट बारीक झाली. उतरले, फट परत मोठी. दार ठीक होतं. गाडीच मधोमध वाकत होती.

ट्रकला खाली लोखंडी चासी असते, तिच्यावर बाकीचं सगळं बसवलेलं असतं. या गाडीला तशी वेगळी चासी नाही. फ्लोअर, टप आणि दाराच्या उंबऱ्याखाली लांब जाणारी पत्र्याची पेटी, एवढं मिळून सांगाडा. पेटी कुजली की गाडी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी होते. दिसते उभी, पण जोराच्या धक्क्याला घडी पडते.

मी फडक्यात गुंडाळलेला चुंबक उंबऱ्यावरून फिरवला. वीतभर चिकटला, मग सुटला तो मागच्या चाकापर्यंत चिकटलाच नाही. म्हणजे रंगाखाली लोखंड नव्हतं, लांबी होती. लांबी म्हणजे पत्र्यातले बारीक खड्डे भरायची पेस्ट. ती नखाएवढी पातळ लावायची असते. इथे बोटभर थापली होती.

"ग्राइंडर मारावा लागेल," मी म्हटलं. "रंग जाईल."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दिनकररावांनी मान हलवली. "मारा. काय हाय ते दिसू तर द्या."

लांबीचा धुरळा उडाला. खाली वेल्डिंगऐवजी नुसते पॉप रिव्हेट मारून बसवलेला एक पातळ पत्रा निघाला. पत्रा निळा. निळ्यावर पिवळी अक्षरं. आधी एक मात्रा दिसली, मग 'टिंग'.

मी ग्राइंडर बंद केला.

तो 'ट' माझा होता. गॅरेजचा जुना बोर्ड मीच रंगवला होता. वादळात तो पडला, तेव्हापासून शेडमागे भिंतीला टेकवून ठेवलेला. तो कधी गायब झाला हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. 'डेंटिंग-पेंटिंग'मधला अर्धा शब्द आता या गाडीच्या उंबऱ्यात होता आणि त्याच्या भरवशावर हा ताठ पायाचा माणूस हायवेवरून ये-जा करत होता.

मी केबिनमध्ये गेलो. बबनशेठ मोबाईल बघत होते.

"शेठ, शेडमागचा बोर्ड कुठे गेला?"

"कोनता बोर्ड?"

"बाहेर या, दाखवतो."

ते आले. पत्रा बघून त्यांचा चेहरा क्षणभर पडला, मग नेहमीसारखा झाला. "तुमी डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्ता ना मिस्त्री, तव्हाचं काम हाय. बाहेरचा मानूस बोलावला हुता. एजंटाचं बजेटच तेवढं हुतं, त्याला मी काय करू? तो म्हनला, विकायची हाय, चालवायची न्हाई."

"मग घेणारा काय देव्हाऱ्यात ठेवणार होता का?"

"आवाज खाली करा. गिऱ्हाईक हाय समोर."

मला संताप आवरत नव्हता. वीस वर्षं मी या माणसाच्या गॅरेजमध्ये पत्रा कापतोय. कुजका पत्रा दिसला की कापायचा, निरोगी पत्र्यापर्यंत जायचं, मगच नवा जोडायचा. हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आणि मी महिनाभर घरी डोळ्याला पट्टी लावून बसलो, तर इथे माझ्याच अक्षरांनी भोक बुजवलं.

"गिऱ्हाइकानं सगळं ऐकलंय," शकुंतलाबाई मागून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "म्हणजे हे काम तुमच्याकडचं आहे, बबनशेठ?"

"बाई, मला काय ठावं गाडी तुमी घेनार हाय!"

"दुसऱ्या कुणी घेतली असती तर चाललं असतं?"

शेठ मोबाईल चाळायला लागले.

बाईंनी तिथूनच एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, गाडी जशी होती तशी दिली, तुम्ही बघून घेतलीत. आणि फोन ठेवला. परत लावला तर उचललाच नाही. दिनकरराव ताठ पायावर जोर देत उभे होते. त्यांनी त्या रिव्हेटांवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "आमच्या कारखान्यात आसं काम केलं आसतं, तर मानूस मेला आसता."

ते ऐकून मी ठरवलं. "शेठ, ही गाडी इथेच दुरुस्त होणार. मी करणार. यांच्याकडून मजुरी घ्यायची नाही. जमत नसेल तर आत्ता माझा हिशोब करा."

हे बोलताना भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. साठीला आलेल्या डेंटरला नवीन कोण ठेवतो? पण दुसरा डेंटर मिळत नाही, हे शेठलाही माहीत होतं.

बराच वेळ त्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या. "गॅस माझा, तुमची हजेरी माझी. पत्रा त्यांनी आनायचा. कलर देनार न्हाई."

"कलर मागितलाय कुणी?" बाई म्हणाल्या.

तीन आठवडे लागले. आधी दारांच्या चौकटीत आडवे अँगल वेल्ड केले, नाहीतर उंबरा कापताच गाडी मधून बसली असती. मग कापत गेलो. डाव्या बाजूला बोटानं तुटणारा पत्रा, उजव्या बाजूला तसाच, फ्लोअरला रेक्झिनखाली परातीएवढं भोक. तयार पार्ट घेणं परवडणारं नव्हतं. दिनकररावांनी घरून पुठ्ठ्याचे साचे कापून आणले, मापाला एक सूतही फरक नाही. त्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्यानं वर्कशॉपमध्ये त्या मापानं जाड पत्र्याला घड्या घालून दिल्या. दाराच्या खांबाचा खालचा तुकडा भंगारातल्या दुसऱ्या अँबॅसिडरमधून कापून आणला.

रोज सकाळी दोघं बसनं यायचे. बाई सगळ्यांना पोहे घेऊन यायच्या, शेठसाठीसुद्धा. पहिले चार दिवस शेठनं घेतले नाहीत. पाचव्या दिवशी घेतले. खाली मान घालून खाल्ले आणि डबा स्वतः धुऊन दिला. माफी मात्र मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

शेवटी अँगल काढले. दिनकरराव आत बसले, पाय पसरला. मी दार सोडलं. खट्. फट होती तशीच राहिली. बाई मागे बसल्या, शेठला हाक मारून बसवलं, मीही बसलो. चार माणसांचं वजन, तरी फट हलली नाही. दिनकररावांनी दार पाच-सहा वेळा उघडून लावलं. मग खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसले.

गाडी आहे तशीच गेली. वर क्रीम, खाली दोन्ही बाजूंना लाल प्रायमरचे पट्टे. आजही तशीच येते दवाखान्याला. चांगली दिसत नाही. भक्कम आहे.

पुढच्या आठवड्यात शेठच्या मोबाईलच्या स्टेटसला त्याच गाडीचा फोटो. प्रायमर दिसणार नाही असा समोरून काढलेला. खाली 'जुन्या गाड्या खात्रीशीर रिस्टोअर करून मिळतील'. मी डोक्याला हात लावला. फोटो काढून टाकायला सांगितला, तर म्हणाले, "खोटं काय हाय त्यात?"

त्यात खोटं खरंच काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मी माझं एक सुरू केलं. बिलावर काय केलं हे सगळेच लिहितात. मी काय केलं नाही तेही लिहितो. 'उजवा उंबरा कुजलेला आहे. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून कापलेला नाही.' खाली सही घेतो. एजंट लोक भडकतात. एक तर म्हणाला, "हे वाक्य काढा, मी दोन हजार वर देतो."

गाडीच्या कामात सगळ्यात स्वस्त काम म्हणजे खरं लिहून देणं. त्याला पत्रा लागत नाही, गॅस लागत नाही. आणि सगळ्यात जास्त घासाघीस त्याच्यावरच होते.