दोरीवर वाळत घातलेली शेवंती

कापडी फुलं कशी मांडायची ते मी शिकवते. नगरला, आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये, दर शनिवारी. बायका आल्या की आधी दम भरते: दुकानातून आणलेला गुच्छ तसाच फुलदाणीत कोंबायचा नाही. दांड्यातली तार वाकवायची, कारण खरं फूल कवायतीला आल्यासारखं ताठ उभं राहत नाही. उंची भांड्याच्या दीडपट. फुलं तीन, पाच नाहीतर सात, त्यातलं एखादं तोंड फिरवून बसलेलं. मध्ये मोकळी जागा सोडायची. पाकळीवर डिंकाचा दवबिंदू चिकटवलेला असेल तर तो नखाने उपटून काढायचा. आणि देवाला कापडी फूल वाहायचं नाही. खरं नसेल तर तुळशीचं पान वाहा, पण देवाला फसवू नका.

हा शेवटचा नियम मुळात आईचा. आई राहुरीला दादा-वहिनीकडे असते. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे, तरी पूजा ती स्वतःच करते, हाताने चाचपून. वहिनी ताटलीत फुलं काढून देते, आई ती एकेक वाहते. रोज सकाळी मी फोन करून विचारायची, "आई, आज कोणतं फूल मिळालं?" ती सांगायची, "आज शेवंती." कधी जास्वंद, कधी कण्हेर. माझा दिवस त्यावर बरा जायचा. वहिनी आईचं नीट करते आहे एवढं मला त्यातून कळायचं.

मागच्या हिवाळ्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठाजवळ एका लग्नाला गेले होते. जेवणं आटोपली आणि न सांगताच दादाच्या घरी गेले. मागच्या दाराने आत शिरायची माझी जुनी सवय. परसात दिवाळीला होता तो शेवंतीचा वाफा नव्हता, जास्वंद नव्हती. तिथे दादाच्या गाडीसाठी पत्र्याचं शेड उभं होतं. शेडला बांधलेल्या दोरीवर टॉवेल, परकर, आणि त्यांच्या शेजारी चिमटे लावून पाच पिवळी शेवंतीची फुलं. पाणी गळत होतं. हुंगून पाहिलं, तर साबणाचा वास आला.

ती फुलं मीच दिली होती. दिवाळीला, त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीशेजारी ठेवायला. वहिनीला शेजारी बसवून तारा कशा वाकवायच्या ते शिकवलंही होतं.

आत देवघरात गेले. तिथे लाल कापडी जास्वंदी होत्या. तीन. एकीचं तोंड किंचित वळवलेलं, मध्ये मोकळी जागा. माझ्या वर्गातल्या एकाही बाईला इतकं सुबक जमलेलं नाही. ते बघून तर माझं डोकंच फिरलं.

वहिनी अंगणवाडीतून नुकतीच आली होती, हातातली पिशवीही तिने ठेवली नव्हती. मी तिच्यावर तुटून पडले. नजर गेलेल्या म्हातारीला फसवता? तिच्या देवाला फसवता? लाज कशी वाटत नाही?

वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, सकाळी सातला मी घर सोडते. फुलं कुठून आणू?"

"मग सांगायचं मला! पाठवली असती!"

तेवढ्यात आई भिंत धरत आली. खाटेवर बसली आणि म्हणाली, "तिला बोलू नगंस. मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"फुलं कापडाची हायेत ते. डोळं गेलेत, हात न्हाई गेले. पहिल्याच दिशी कळलं. धू म्हनून मीच सांगितलं तिला. उष्टी फुलं देवाला कशी वाहू?"

दिवाळीपासून रोज सकाळी ही बाई मला शेवंती, कण्हेर, जास्वंद सांगत होती. दोघी मिळून मला बनवत होत्या. वहिनीचा राग मी कसाही गिळला असता, पण आईचं फार लागलं. जिच्यासाठी भांडायला उभी राहिले तिनेच मला उल्लू बनवलं होतं.

"माझ्याशी खोटं का बोललीस?" मी रडतच विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? आत्ता केलंस तेच. लई तावातावानं भांडली असतीस आन् संध्याकाळच्या एसटीनं निघून गेली असतीस. मला हितंच ऱ्हायचंय बाई. हिच्याच हातचं खायचंय."

वहिनीने चहा टाकला. मी तो न पिता निघाले. आईने थांबवलं नाही.

फोन अजून रोज करते. फुलाचं विचारत नाही. डोळ्यांत औषध घातलं का, एवढंच विचारते. ती लगेच म्हणते, "घातलं." आणि खरंच घातलं का, ते आता मला कळत नाही.