पाण्याची शिस्त

शेतात पोचलं की मला आधी एकच सुचतं, आडोसा कुठं करायचा. पिकअप थांबते, बाया उतरतात, रिकामे क्रेट खाली येतात आणि मी बांधावर इकडून तिकडं येरझाऱ्या घालत असते. टोमॅटोला लावतात त्या चार काठ्या, दोन जुन्या साड्या आणि वर गाठी. एवढं उभं राहिल्याशिवाय माझा हात पिकाला लागत नाही. मग दर दोन तासांनी ओरडत फिरते, "पाणी प्या गं! जाऊन या गं!" बागायतदारांच्या कपाळाला आठ्या पडतात. परवा एक तात्या म्हणाले, "तोडा करायला आलायसा का तंबू ठोकायला?" मी म्हटलं, "तात्या, तुमच्या घरातल्या बाईला विचारा, दिसभर रानात आसली की ती कुठं जाती."

मी काही पहिल्यापासून अशी शहाणी नव्हते. उलट या बायांचं पाणी तोडणारी मीच.

आम्ही कळस गावच्या. भेंडी, मिरची, डाळिंब, जिथं तोडा असेल तिथं इंदापूर तालुक्यात नाहीतर थेट बारामतीपर्यंत जातो. टोळीत अकरा बाया आणि मुकादम मी. पूर्वी रानाकडेला वेड्या बाभळी असायच्या, बाई कुठंही आडोशाला बसायची. आता रानाला पाणी आलं आणि बांधापर्यंत सगळं साफ झालं. शेजारच्या उसात जावं तर आत कोण असेल सांगता येत नाही. ठिबकवाला, ड्रायव्हर, मालकाची माणसं, चारी बाजूंनी पुरुष. एक बाई उठली की सोबतीला दोघी उठणार, लांब जाणार, अर्धा तास गेला. मार्केटची गाडी काय थांबती का? म्हणून मी शिस्त लावली होती. घरून निघताना एकदा आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा, बास. सकाळी पाणी नाही, चहा अर्धा कप. "माझी टोळी सरी सोडत न्हाय," असं मी मालकांना छाती काढून सांगायची. आता ते आठवलं की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

ही शिस्त मला सासूकडून आलेली. आत्या, म्हणजे सासूबाई, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या. "आमी कोसकोस चालायचो, पण थेंब घशाखाली घालत न्हवतो," हे त्या कौतुकानं सांगायच्या. म्हातारपणी त्याच ओटीपोट धरून कळवळायच्या. लघवीला जाऊन आल्या की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. घरात सगळे म्हणायचे, उन्हाळी लागलीय. सब्जा भिजवून द्यायचा की झालं काम. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं असेल तर शपथ.

माझी धाकटी जाऊ कऱ्हाटीची. गरीब गाय, मी उठ म्हटलं की उठणार, बस म्हटलं की बसणार. दोनदा दिवस राहून गेलेले. हे तिसरं, सहावा महिना. एकटीला घर खायला उठतं म्हणाली, म्हणून मी तिला सावलीत बसून माल निवडायला सोबत आणायची. चार दिवस ती माझ्या कानाशी येऊन सांगत होती, "आक्का, सारखी लागती आन् हुतीया थेंबभर. आग आग हुती." मी काय म्हणाले? "उन्हाळी हाय, सब्जा घे. आन् पाणी जरा बेतानं पी, गाडी लवकर काढायचीय."

पाचव्या दिवशी आम्ही बारामतीजवळ पिंपळीत होतो, ढोबळी मिरचीवर. ऊन मी म्हणत होतं. आणि ही बाई निवडता निवडता थरथर कापायला लागली. मी लांबूनच ओरडले, "आगं, हात चालव की!" तिनं वर बघितलं आणि एक हात कमरेमागं धरून तशीच क्रेटवर कलंडली. जवळ जाऊन हात लावला तर चटका बसला. "आक्का, पोट कडक हुतंय," एवढंच बोलली.

भरलेले क्रेट उतरवून टाकले आणि त्याच पिकअपमधून तिला बारामतीला दवाखान्यात आणलं. तिला आत घेतलं आणि मी बाहेर. बाकड्यावर बसवेना. उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. हाताला मिरचीचा वास, तो धुतला तरी जाईना. मालकाचे फोनवर फोन, कट केले. दिराचा आला, तो उचलायचं धाडस होईना. काय सांगणार होते मी त्याला? तिसऱ्यांदा तेच? तोंडानं देवाचं नाव घ्यावं तर मध्येच डोक्यात माझंच वाक्य वाजायचं, बेतानं पी, बेतानं पी.

शेवटी डॉक्टर मॅडमनी आत बोलावलं. जावेच्या हाताला सलाईन, डोळे मिटलेले. मॅडमनी तिला विचारलं, "दिवसात पाणी किती पिता?"

"जेवताना एक तांब्या. आक्का सांगत्यात तेवढंच." तक्रार म्हणून नाही हो, आपलं सरळ सांगितलं तिनं. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, ही उष्णता नव्हे, जंतू आहेत. बाईची लघवीची वाट आखूड, जंतू पटकन लघवीच्या पिशवीत चढतात. पाणी प्यायलं, वेळेवर लघवी केली की धुऊन जातात. तुंबवून ठेवली की तिथंच वाढतात. पोटुशीला तर जास्तच जपायचं, कारण तेच जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेले की असा थंडीताप येतो, कळाही सुरू होतात. सब्ज्यानं घशाला बरं वाटेल, जंतू मरणार नाहीत. जळजळ झाली की लघवी तपासायची, गोळ्या डॉक्टरनं दिलेल्याच आणि दिल्या तेवढ्या सगळ्या घ्यायच्या. धुताना, पुसताना हात पुढून मागं. नवऱ्याजवळ गेल्यावर लघवी करून यायची. मी मान डोलवत होते आणि मला सासू दिसत होत्या, भिंतीला टेकलेल्या.

"आन् बाळ?" मी विचारलं.

"ठोके चांगले आहेत. पण कळा थांबेपर्यंत मी काही बोलणार नाही."

तो दिवस आणि ती रात्र कशी काढली ते माझं मला ठाऊक. दर थोड्या वेळानं तिच्या पोटावर हात ठेवायची. कडक लागलं की सिस्टरला बोलवायला धावायची. दीर आला, नुसता तिच्या पायाशी बसून राहिला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोट मऊ पडलं ते मऊच राहिलं. ताप उतरला. मॅडम येऊन तपासून गेल्या, म्हणाल्या, "बाळ नीट आहे, कळा थांबल्यात. आता हिला भरपूर पाणी पाजा." मी पदरात तोंड घालून मोकळी रडले. मग खाली जाऊन पाण्याची मोठी बाटली आणली आणि तिच्या उशाशी ठेवली.

ओठ सुकून पापडी धरली होती तिच्या. तिनं बाटलीकडं बघितलं, मग दारापलीकडच्या संडासाकडं, मग माझ्याकडं. हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "पिऊ का?"