वस्तादांच्या मांडीवर भावाचा हात

वस्तादांची गोष्ट सांगणारे अमरावती-अकोल्याकडे अजून पुष्कळ आहेत. माझी मुलं ती बाहेरून ऐकून येतात आणि मलाच सांगतात. तिचा अर्धा भाग अगदी खरा आहे. तो मी आधी सांगते, म्हणजे उरलेला भाग मी आकसानं सांगते असं कोणाला वाटायला नको.

माझं माहेर दर्यापूरच्या बाजूचं. दिवस कापसाच्या तेजीचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या कापसाच्या मागे लोक लागले. ज्वारीची वावरंही कापसाखाली गेली. बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या काढून लोकांनी चांदीच्या बसवल्या. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे. वस्ताद तेव्हा त्या रांगेतले एक गाडीवान होते आणि नुकते कुस्त्या मारू लागले होते. एका उतारावर पुढची भरली गाडी मागे सरकली आणि तिचं चाक त्यांच्या गुडघ्यावरून गेलं. हाडवैदानं पाय कसातरी बांधला आणि सांगितलं, चालता आलं तर देवाचे आभार माना, कुस्ती विसरा.

ते विसरले नाहीत. बैठका मारता येईनात, तर ते विहिरीवर बसून मोटेचा दोर हातांनी ओढत. उभं राहून झुंजता येईना, तर त्यांनी गुडघे टेकून लढण्याची स्वतःची रीत बसवली. समोरचा अंगावर वाकला की ते त्याला खालूनच खांद्यावर घेऊन टाकत. "उभ्याले पाडता येते," असं ते म्हणत, "बसलेल्याले कुठं पाडसान?" दोन-तीन हंगामांत आसपासच्या जत्रांतले फेटे त्यांच्या घरी येऊ लागले. आपला पाय दुसऱ्यानं बिघडवला म्हणून हाडं बसवायची विद्याही ते शिकले, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांच्याकडे पाहून लंगडी, लुळी, अशक्त पोरं तालमीत येऊ लागली. ज्यांना घरच्यांनी ओट्यावर बसवून ठेवलं होतं, ती पहाटे माती उकरायला जात. यात एक अक्षर खोटं नाही.

माझा थोरला भाऊ त्यांतलाच. कापसानं भरलेल्या गाडीच्या टोकावरून तो पडला आणि त्याचा डावा खांदा उतरला. वस्तादांनी तो बसवला, पण पुढे तो सैल राहिला. हात मागे नेऊन वर उचलला की निखळे. वडील म्हणाले, आता वावर पहा. वस्ताद घरी येऊन म्हणाले, "मी मोडक्या गुडघ्यावर जिंकलो जी. हा खांद्यावर कावून नाई जिंकनार? फक्त ह्या खांद्याचं घराबाहेर जाऊ देऊ नोका." मला आई नव्हती. घरात वडील, भाऊ आणि मी. जवसाचं तेल कोमट करून तो खांदा मीच चोळत असे. म्हणजे तो कोणता खांदा आणि कसा निखळतो, हे आम्हा तिघांना आणि वस्तादांना ठाऊक. पाचव्या माणसाला नाही.

भावाला एकच हवं होतं. वस्तादांनी आपल्यामागे तालीम त्याच्या हाती द्यावी. लग्नाचा विषयही तो त्यासाठी टाळत होता.

अमरावतीच्या एका कापसाच्या सेठानं हंगामाच्या शेवटी कुस्त्यांची मोठी दंगल भरवली. त्यासाठी उत्तरेकडून एक पैलवान आणला. तो वस्तादांशी कुस्ती मागतो आहे अशी हाकाटी गावोगाव झाली. आमच्याकडच्या तालमींचा रिवाज असा होता की बाहेरचा पैलवान आला की त्यानं आधी वस्तादाच्या पठ्ठ्याशी लढायचं, मग वस्तादाशी. आणि त्यात पठ्ठ्याचं हाड सरकलं तर वस्ताद त्या दिवशी कुस्तीच्या हौद्यात उतरायचा नाही. वस्तादच हाडवैद, तेव्हा आधी त्यानं पठ्ठ्याचं हाड बसवायचं. शिवाय रागाच्या हातानं कुस्ती खेळू नये, असंही म्हणत. रिवाज चांगला होता. आजही मी त्याला नाव ठेवत नाही.

वडील कापूस घेऊन अमरावतीला निघाले तेव्हा मी आणि शेजारच्या काकू अंबेच्या दर्शनाच्या निमित्तानं दमणीत बसलो. बायांनी कुस्ती पाहायची पद्धत नव्हती. पण मैदानाच्या कडेला गाड्या सोडल्या होत्या, आणि दमणीचा पडदा बाजूला केला की माणसांच्या डोक्यांवरून हौदा दिसत होता. गाडीच्या चाकाला टेकून दोन शेतकरी बोलत होते.

"अबे, हा उत्तरेचा पैलवान का खाते बे?"

"सेठाचं तूप खाते. तुया-माया कापसावरचं."

"मंग आपलाही वाटा हाय त्यात. थोडा दमानं घे म्हना त्याले."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

त्या दुपारी उत्तरेच्या पैलवानानं आधी दोघांशी कुस्त्या केल्या. दोन्ही वेळा त्यानं पहिला हात मानेला घातला. मानेला धरून तो माणसाला हलवून पाही, जोर किती हे बघे, मग डाव टाके. त्याला घाई नव्हती. मग आमचा भाऊ उतरला. हातात हात देऊन सलामी झाली, एकमेकांच्या अंगावर माती टाकून झाली, आणि त्या माणसानं मानेकडे पाहिलंही नाही. सरळ डावं मनगट धरलं, पाठीमागे गेला आणि हात वर उचलला.

मी दमणीत उभी राहिले. काकू म्हणाल्या, "बस वो पोरी, लोक पाहून राह्यले." भावाचा हात लोंबत होता.

वस्ताद लंगडत हौद्यात धावले. मातीतच बसून त्यांनी भावाचा हात आपल्या मांडीवर घेतला, काखेत टाच लावली आणि खांदा बसवला. भाऊ ओरडला नाही. उत्तरेचा पैलवान शड्डू ठोकत उभाच होता. लोक वस्तादांच्या नावानं ओरडू लागले, उठा, दाखवा त्याला. वस्तादांनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माया पठ्ठ्याचं हाड माया हातात हाय. आज मी लढत नाई."

मोठमोठ्या मिश्यांची माणसं रडली. माझे वडील रडले. जिंकण्यापेक्षा मोठं काम केलं, असा गुरू होणे नाही, असं जो तो म्हणू लागला. सेठानं स्वतः पुढे येऊन वस्तादांच्या डोक्याला जरीचा फेटा बांधला. तो फेटा त्याच्या माणसाच्या हातात घडी घालून तयार होता. तो कोणासाठी आणला होता, हे त्या गर्दीत कोणी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं. "भाऊ, त्याले खांदा कसा माईत?"

"कुस्तीत होते असं."

"आदीच्या दोन कुस्त्या मी पाह्यल्या. मानेलेच हात घातला त्यानं. तुयाच खांदा कावून?"

कुडाच्या भिंतीकडे पाहत तो म्हणाला, "सलामीच्या वेळी हासला तो. म्हने, 'बायाँ है ना?'"

त्यांच्या बोलीत बायाँ म्हणजे डावा. मी तेल कोमट करायला उठले. दुसरं काय करणार?

दोन-तीन दिवसांनी वस्ताद आंबेहळदीचा लेप घेऊन आले. खांदा बसवल्यावर पुढे काही दिवस तो रोज चोळून, वळवून मोकळा करावा लागतो, नाहीतर आखडतो. वडिलांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं. फेट्याची गोष्ट ते अजून कौतुकानं बोलत होते. वस्तादांनी हात पुढे केला. "आन बे हात."

भावानं हात दिला नाही.

मी दारातून म्हटलं, "वस्तादजी, उत्तरेच्या पैलवानाले डावा खांदा कोनं सांगतला?"

वडील मला रागावले, "आत जाय वो!" वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी लेपाचं भांडं खाली ठेवलं. सांगायला नको असतं तर ते उठून गेले असते. कोणी त्यांना अडवलं नव्हतं.

"माया गुडघा गेला जी," ते वडिलांना म्हणाले, माझ्याकडे न पाहता. "पावसाळ्यापासून त्याच्यावर भार टाकता येत नाई. त्या पोट्ट्यानं मले साऱ्या वऱ्हाडादेखत आपटलं असतं. मंग ह्या लंगड्या-लुळ्या पोरायनं कोनाकडं पाह्यलं असतं? एक लंगडा हरला म्हनून सारे पुन्हा ओट्यावर जाऊन बसले असते. खांदा का, बसवता येते. गेलेलं नाव बसवता येत नाई."

वडिलांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

भाऊ म्हणाला, "मले इचारलं असतं तं मी सोता दिला असता खांदा."

"इचारलं असतं तं लोकायले खरं वाटलं नसतं."

हे उत्तर त्यांनी इतक्या साधेपणानं दिलं की त्यात त्यांना काही चुकीचं दिसत नव्हतं, हे मला कळलं. त्यांनी पुन्हा हात पुढे केला. "राग मंग धर. आदी हात दे. आखडून जाईन."

"आखडू द्या."

ते लेप तिथेच ठेवून गेले. भावानं तो उकिरड्यावर टाकायला लावला.

मला तेव्हाही हा मूर्खपणा वाटला आणि आजही वाटतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की आधी हात नीट करून घे, मग जन्मभर राग धर, कोण नको म्हणतं. त्यानं ऐकलं नाही. वडिलांनी मूर्तिजापूरकडून एक हाडवैद आणला. त्यानं जमेल ते केलं. पण भावाचा डावा हात पुढे खांद्याच्या वर कधी गेला नाही. तालीम सुटली. वस्तादांनी ती पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती दिली, आणि तिथे पोरं आधीपेक्षा जास्त येऊ लागली. भावानं मला आणि वडिलांना बजावलं, की हे बाहेर काढायचं नाही. "पोरायचं का चुकलं त्यात?" असं तो म्हणाला. तो जिवंत असेपर्यंत मी त्याचं ऐकलं. तो आता नाही.

माझं लग्न अकोल्यात झालं. यजमान कचेरीत होते. लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं. अकोल्यात त्याच सेठाचं कापसाचं मोठं आवार होतं आणि वस्ताद तिथे हमालांवर जमादार होते. येणारे-जाणारे त्यांच्या पाया पडत. एकदा वाटेत त्यांनी मला ओळखलं.

"बाई, खांदा कसा हाय त्याचा?"

"डोक्यावर भारा घेता येत नाई. बाकी बरा हाय."

"पाठून दे त्याले माह्याकडं. आताही मोकळा करून देतो. लोकायनं पाह्यलं नाई पाह्यजे वाटत असंन तं घरी येतो म्हना."

माहेरी गेले तेव्हा मी निरोप जसाच्या तसा सांगितला. माझ्या मते जायला हरकत नव्हती. हात सुधारला असता तर भावाच्याच कामाला आला असता. भाऊ उजव्या हातानं बैलाला कडबा टाकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यायचा गुडघा कसा हाय?"

मी गुडघा पाहिला होता. काठी दोन्ही हातांनी धरून ते एक-एक पाऊल टाकत होते.

"मले का माईत," मी म्हटलं आणि कडब्याची दुसरी पेंढी सोडून बैलापुढे टाकली.