शिंप्याचा कौल

आमच्या माधवनगरातला शिंपी पक्का नास्तिक. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप आवळून विचारणार, "देव हाय म्हंता? मग माप सांगा की त्याचं!" अशा वेळी कोण वाद घालणार?

यंदा मंडळानं गणपतीपुढंच वादविवाद ठेवला, 'देव आहे का?' शिंपी 'नाही'च्या बाजूनं उभा राहिला. विरुद्ध बाजूच्या रिटायर मास्तरांनी त्याला एवढंच विचारलं, "शर्ट आपोआप शिवला जातो का? मग जगाला शिंपी नको?" झालं, शिंपी हरला. शिवला जातो म्हणावं, तर दुकान बंद!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समजूत काढायला गेलो, तर गडी लय खुशीत.

"आवं, परवा गुपचूप देवीला कौल लावला हुता. उजवीकडचं फूल पडलं, म्हंजे जिंकणार. आन् हरलो की! आता तरी पटलं का, देव न्हाई?"