भाव उतरायची वाट

चिमूरला नेटचं पहिलं दुकान निघालं, तेव्हा मालकाचा तोरा कलेक्टरसारखा होता. चपला बाहेर काढा, माउसला हळू हात लावा, तासाचे तीस रुपये आधी ठेवा. मग समोरच दुसऱ्याने दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेऊन दुकान टाकलं आणि दोघांची जुंपली. पाटीवर खडूने लिहिलेले भाव रोज पुसले जायचे. याने पंचवीस केले की तो वीस करायचा. वेग मात्र कोणीच वाढवला नाही. एक पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. तरी स्वस्त म्हटलं की आम्ही खूश. इतकी अडाणी खुशी मी दुसरीकडे पाहिली नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला नर्स व्हायचं होतं. बाबांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. यंदा नंबर लागला तर शिक, नाहीतर लग्न. त्या वर्षी अर्ज फक्त नेटवरून भरायचा होता, मुदत आठ दिवसांची. पहिल्याच दिवशी ती कागद घेऊन तयार.

"भाऊ, आजच भरून टाकू ना."

"थांब ना बाई, अजून उतरन भाव," मी म्हणालो.

आमच्याकडे आठवडी बाजार असाच करतात. भर बाजारात कोणी भाजी घेत नाही. विकणारा घरी जायच्या घाईला आला की मग पिशव्या बाहेर निघतात. मी त्यात पटाईत. इंटरनेटही वांग्यांसारखंच घ्यायचं, एवढी अक्कल मी पाजळली.

शेवटच्या दिवशी भाव दहावर आला. मी मोठा पराक्रम केल्यासारखा तिला गावाहून चिमूरला घेऊन गेलो. पाहतो तर सारा तालुका तिथे! सगळ्यांनी तोच बाजार केला होता. दोन्ही दुकानांत मिळून आठ कॉम्प्युटर आणि आठांवरही अर्धवट उघडलेलं तेच पान. हा मालक त्याच्या कंपनीला शिव्या देत होता, तो याच्या. पैसे मात्र दोघेही घेत होते. संध्याकाळी मुदत संपली. बहिणीने कागद पिशवीत परत ठेवले आणि आम्ही एसटीने घरी आलो.

उन्हाळ्यात घुग्घुसला तिचं लग्न ठरलं. साडीच्या दुकानात मी सवयीने घासाघीस सुरू केली. म्हटलं, थांब, आत्ताच घेऊ नको, नुसती ऊठ, आपण निघालो की तो मागून हाक मारेल. ती उठलीच नाही.

"तो म्हनते तेवढे दे, भाऊ," ती म्हणाली. "तू थांब म्हनला का मले भेव लागते."