गोवऱ्यांवरचा काबलर

भागूबाईला सवत नव्हती. पण तिच्या घरात पीचचा काबलर होता, आणि त्यानं सवतीची उणीव कधी भासू दिली नाही.

घर म्हणजे भाटघर धरणाच्या पाण्याच्या वर, वेल्ह्याच्या बाजूला डोंगराच्या खांद्यावर धनगरांची एक लहानशी वाडी होती, तिच्यातलं कुडाचं एक खोपट. दारात म्हशी, मागल्या अंगाला शेरडं. भागूबाई घरच्या म्हशींचं लोणी काढायची आणि बाजारच्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन भोरला उतरायची. तिच्या लोण्याचं भोरात नाव होतं. गिऱ्हाइकं तिच्यासाठी खोळंबून बसायची, दुसरीकडचं लोणी घ्यायची नाहीत. सगळं भोर तिच्या हाताची तारीफ करायचं. एकाच माणसानं ती कधी केली नव्हती, आणि नेमका तो तिचा नवरा होता.

म्हादू माणूस वाईट नव्हता. दारूला शिवायचा नाही, बायकोवर हात टाकायचा नाही, जनावरांवर जीव लावायचा. पण जेवायला बसला की खाली मान घालून जेवायचा आणि हात धुऊन उठायचा. वाडीतले सगळेच पुरुष तसले. बायकोच्या हातच्या कालवणाला चांगलं म्हणायचं म्हणजे चारचौघांत तिचा पदर धरण्यासारखं होतं. आवडलं तर ताटली पुन्हा पुढं करायची, नाही आवडलं तर नाही करायची, एवढीच काय ती बोली. भागूबाईची त्याबद्दलही तक्रार नव्हती. तक्रार होती ती काबलरची.

त्याचं असं झालं होतं. लग्नाच्या नव्या दिवसांत, धरणाचं काम जोरात चालू असताना, म्हादू तिथल्या साहेबाच्या बंगल्यावर गडी म्हणून राहिला. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, मडमेच्या कोंबड्या कोंडायच्या. एकदा साहेबाकडे पुण्याहून बडे पाहुणे आले आणि खानसाम्यानं पीचचा काबलर केला. पीच हे साहेबाच्या मुलखातलं फळ, डब्यात बंद होऊन आलेलं. ते खाली, वर लोण्यात कालवलेल्या पिठाचा थर, आणि सगळं मिळून भाजलेलं. त्या काबलरनं म्हादूला जे पछाडलं ते पछाडलंच. पुढं धरण पुरं झालं, साहेब खडकीला गेला, म्हादू वाडीवर येऊन शेरडांमागं लागला, त्याच्या मिशा पिकायला लागल्या, तरी काबलर काही उतरला नाही.

भागूबाईनं खरवस करावा. म्हादूनं तो गपचूप खावा, कुडाला टेकून आढ्याकडं बघावं आणि म्हणावं, "काबलर त्यो काबलर. वर कसा खरपूस, आन् खाली रस नुसता रटरटतोय." पुरणाची पोळी झाली तरी काबलर, सणाच्या शेवया झाल्या तरी काबलर. ऐकून ऐकून भागूबाईचे कान किटले. वाडीला मात्र त्याचं भारी अप्रूप. साहेबाच्या टेबलावरचं खाल्लेला तो एकटाच. कुणाकडं कधी नवं काही शिजलं की वाडगाभर म्हादूकडं यायचं, आणि विचारायचे, "म्हादूदा, काबलरच्या मानानं कसं काय हाय?" म्हादू जीभ टाळ्याला लावून क्षणभर डोळे मिटायचा आणि 'न्हाई' अशी मान हलवायचा. एवढा मान तर वाडीत देवऋष्यालाही नव्हता.

ती दुसऱ्या लढाईची वर्षं. साखर दिसेनाशी झाली होती, पण रायवळ आंब्यांना लढाईचं काय? त्या उन्हाळ्यात झाडं लगडली होती. भागूबाईनं चार घरची माणसं रसपोळीला बोलावली. माणसं बोटं चाटत जेवली. शेजारची आक्काबाई तर म्हणाली, "भागू, असा रस जल्मात खाल्ला न्हाई."

सगळ्यांच्या नजरा म्हादूकडं वळल्या. म्हादू कुडाला टेकला. त्यानं आढ्याकडं बघितलं.

"खबरदार!" भागूबाई हातातली पळी आपटत कडाडली. "काबलरचं नाव काढाल तर!"

"म्या कुठं काय बोललो?" म्हादू दचकून म्हणाला.

"बोलाया कशाला पायजे? आढ्याकडं बघितलंत, त्यातच आलं. आता ऐका समदी. म्याच करती काबलर. ह्यांच्या तोंडनं चांगला म्हणवून घीन, न्हाईतर हितनं फुडं गोडाधोडाला हात लावायची न्हाई."

"अगं, साहेबाचा पदार्थ त्यो," आक्काबाई घाबरून म्हणाली. "तुला गं कसा जमंल?"

"साहेबाला काय धा हात असत्यात?" भागूबाई म्हणाली, आणि रागारागानं भांडी गोळा करू लागली. रागात बोलून गेली खरी, पण आता माघार नव्हती. सगळ्या वाडीनं ऐकलं होतं.

तिच्या नशिबानं काबलर करणारा हात जवळच होता. साहेबाबरोबर खडकीला गेलेला खानसामा नूरुद्दीन म्हातारपणी भोरला परत आला होता, आणि त्याची बायको बद्रुन्निसा भागूबाईचंच लोणी घ्यायची. बाजारच्या दिवशी भागूबाईनं पाटी त्यांच्या ओट्यावर उतरवली ती तिथंच बैठक मारली.

"चाचा, मला काबलर शिकवा."

बाजेवर पडलेला नूरुद्दीन ताडकन उठून बसला. इतक्या वर्षांनी त्याच्या हुन्नराची कुणी आठवण काढली होती.

"शिकवतो की! पर पीच कुठनं आणशील?"

"आंबा न्हाई का चालणार?"

"आंबा?" म्हाताऱ्यानं दाढी खाजवली. "चालंल. पळंल बी. पाडाचा घे, पार पिकलेला नको, न्हाईतर नुसतं पाणी व्हईल. फोडी कर, वर गूळ किसून घाल, लिंबू पीळ. मग गव्हाचं पीठ, कापडातनं गाळून. त्यात चिमूटभर सोडा, आन् गार लोणी बोटांनी चोळायचं, रव्यावानी दिसंस्तवर. शेवटाला ताक. मळायचं न्हाई, हं! पोळीचं पीठ न्हवं ते. नुसतं गोळा करायचं आन् फोडींवर गोळं गोळं ठिवायचं."

"आन् भाजायचं कसं? माज्याकडं काय भट्टी न्हाई."

"खंडोबाचं रोडगं कशात भाजता तुमी?" बद्रुन्निसा आतून म्हणाली.

"गोवऱ्यांच्या निखाऱ्यात."

"मग झालं की! खाली निखारं, वर तव्यावर निखारं."

"आन् बाठं काढून टाकायचं," नूरुद्दीन म्हणाला.

इथं मात्र भागूबाई अडली. "बाठा काढून टाकला तर खाणाऱ्यानं चोखायचं काय? चाचा, आमच्यात बाठा लाडक्या माणसाच्या ताटात पडतो. बाठा न्हाई वाढला तर म्हनतील, भागूनं हात आखडला."

"साहेबाचा दात पडंल अशानं!" म्हातारा खदखदून हसला. मग पाटीतल्या लोण्याकडं बघत म्हणाला, "पर आज एकदम काबलर कुठनं आठवला तुला?"

"आमच्या धन्यांनी बंगल्यावर खाल्ला व्हता न्हवं का. तुमच्याच हातचा. पुण्याचं पाव्हणं आलं व्हतं तवा."

नूरुद्दीनचं हसू थांबलं. त्यानं आठवून पाहिलं. "म्हादूनं? न्हाई गं बाई. त्या दिशी काय उरलंच न्हाई. पाव्हण्यांनी भांड्याचा तळ खरवडला. माज्या वाट्याला पळीला चिकटलेलं आलं, तेवढंच. म्हादू मागल्या दाराशी लाकडं घिऊन हुबा व्हता. म्हणला, चाचा, वास लई झ्याक येतोय. म्या म्हणलं, उरला तर देतो. उरला कुठं?"

भागूबाई पाटी उचलून वाटेला लागली.

घाट चढताना आधी तिला संताप आला. इतकी वर्षं! तिचे खरवस, तिच्या पोळ्या, तिच्या शेवया, सगळं ह्या बाबानं नुसत्या एका वासापुढं फिकं पाडलं होतं. मग धरणाचं पाणी दिसायला लागल्यावर तिला हसू आलं, आणि पदराचा बोळा तोंडात धरला तरी थांबेना. शेवटी वाडी दिसली तेव्हा तिचा बेत पक्का झाला होता. काबलर करायचा, सगळ्या वाडीला बोलवायचं, म्हादूच्या तोंडात घास गेला की आक्काबाई विचारणारच, तसाच का म्हणून. तो मान हलवणार. आणि त्याची मान हलली की आपण सगळ्यांदेखत म्हणायचं, चाचानं सांगितलंय मला, तुमी काय खाल्लंय ते! मग बघू पुढं कुणाचा वाडगा येतो त्याच्याकडं. काबलरचा काटा कायमचा निघणार होता.

म्हादू शेरडं घेऊन रानात गेल्यावर तिनं पहिला काबलर घातला, आणि तो पार फसला. दर घटकेला तवा उचलून आत डोकावण्याचा मोह तिला आवरेना. राख आत पडली, वरचं पीठ कच्चं राहिलं, खालचा आंबा करपला. शेरडांनी तो आनंदानं खाल्ला, पण शेरडं काय, चपलासुद्धा खातात. दुसऱ्या खेपेला तिनं स्वतःचे हात अडकवून ठेवायचे म्हणून ताक घुसळायला घेतलं. रवीचा दोर ओढत राहिली आणि निखाऱ्यांकडं पाठ करून बसली. लोणी आलं तेव्हा वासही आला. तवा काढला तर वर तांबूस सोनेरी कवच, आणि कडेनं आंब्याचा रस बुडबुडे काढत वर आलेला. भागूबाईनं स्वतःच्याच कानशिलांवर बोटं मोडली.

मग ठरल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, सगळी वाडी तिच्या अंगणात जमली. मोठं पातेलं मधोमध. भागूबाईनं त्यात एकच मोठा बाठा ठेवला होता आणि तो कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. तो म्हादूला द्यायचा नाही, आक्काबाईला द्यायचा, हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

तिनं पहिली ताटली म्हादूपुढं ठेवली. माणसं सरसावून बसली. म्हादूनं घास घेतला, चावला, आणि चावता चावता थांबला. दुसरा घास घेतला. आज त्यानं आढ्याकडं बघितलं नाही, अंगणात आढं होतंच कुठं म्हणा. तो ताटलीतच बघत राहिला.

"काय म्हादूभावजी," आक्काबाईनं न राहवून विचारलं, "तसाच का?"

भागूबाईच्या ओठांवर वाक्य येऊन थांबलं होतं. आता मान हलू दे, की सोडलंच.

म्हादूची मान हलली नाही.

"ते मला न्हाई सांगता यायचं," तो म्हणाला. "त्यो म्या खाल्लाच न्हवता."

माणसं आणखी पुढं सरकली.

"मागल्या दारात लाकडं घिऊन हुबा व्हतो. वास तेवढा आला. उरला तर मिळंल म्हणून थांबलो, पर उरला न्हाई. घरी आलो तर हिनं इचारलं, बंगल्यावर काय खाल्लं? तवा ही नवी नवरी. इतकी मायेनं इचारत व्हती, की नुसता वास घेतला म्हणाया लाज वाटली. म्हणलं, काबलर खाल्ला. यकदा म्हणलं, मग माघारी कसं फिरावं? फुडं तुमी समदी इचाराया लागला." त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "ह्यो मातूर खाल्ला. ह्याच्यावर खोटं न्हाई बोलवत."

"मग कसा हाय त्यो?" आक्काबाई हळूच म्हणाली.

म्हादूनं वर बघितलं, ते थेट बायकोकडं, सगळ्या वाडीदेखत.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. "लई ग्वाड हाय. हिच्या हातचं समदंच लई ग्वाड असतंय."

बायांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी खुसखुसलं. या वयात भागूबाई नव्या नवरीसारखी लाजली, कानापर्यंत तांबडी झाली, आणि तिला खूप, खूप बरं वाटलं. ओठांवरचं वाक्य तिनं गिळून टाकलं. चाचाचं नाव तिनं त्या दिवशी काढलं नाही, पुढंही कधी काढलं नाही. म्हादू आपण होऊन खरं बोलला, ही गोष्ट वाडीत पुढं पुष्कळ वर्षं कौतुकानं सांगितली जायची, आणि ती सांगताना सगळ्यात जास्त कौतुक भागूबाईच करायची.

म्हादूनं रिकामी ताटली पुढं केली. भागूबाईनं पळी पातेल्याच्या कडेला, नेमकी ठाऊक होती तिथं घातली आणि बाठा त्याच्या ताटलीत वाढला.

"सांभाळून खावा," ती म्हणाली. "दात पडंल."