तीन खुणा, सात आसरा

माझी सून सत्यशीला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी नदीकाठी खडी बघत बसते. सदाशिव पेठेत कुणी विचारलं, "सूनबाई कुठे?" की मी सांगते, "दगड मोजायला." पुढे कुणी काही विचारत नाही.

भाकऱ्या थापता थापता एकदा तिनं मला समजावलं होतं. फार फार पूर्वी नदी उंचावरून वाहायची. मग पात्र खोदत खाली उतरत गेली आणि काठावर खडीच्या पायऱ्या ठेवून गेली. वरची पायरी सगळ्यात म्हातारी, खालची सगळ्यात लहान. कुठली खडी कोणत्या पायरीची, ते ठरवायचं हिनं.

"बरंय, तुमच्यात म्हातारीला वर बसवतात," मी म्हटलं. ती हसली नाही. दमली होती.

वाघोलीच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या एका दरडीत तिन्ही पायऱ्या दिसायच्या. आता तिथं नदीकाठ बांधायची भिंत होणार होती. त्याआधी दरडीचं मोजून काढायचं चित्र पुरं झालं नाही, तर तिची इतक्या वर्षांची पायपीट वाया. प्रत्येक पायरी जिथं सुरू होते, तिथल्या दगडावर तिनं लाल रंगाची खूण करून ठेवली होती. मध्ये पावसाळा गेला.

दिवाळीनंतर ती निघाली, तेव्हा सोबत म्हणून मीही गेले. गुडघे तिचेही दुखतात, माझेही. दोघी मिळून एक धड बाई होते.

दरडीसमोर ती नुसती उभी राहिली. तिनाच्या सात खुणा झाल्या होत्या. सगळ्यांवर शेंदूर थापलेला, पुढ्यात हिरव्या बांगड्या, लिंबं. दरड थोडी ढासळलेली, त्यामुळे मोबाइलमधल्या फोटोशीही मेळ बसेना.

खाली एक बाई शेळ्या राखत होती, शालन नावाची.

"मावशी, हे कुणी केलं हो?" सत्यशीलानं विचारलं.

"आमीच. आसरा हायेत, पान्याच्या देवी. तीनच लाल दिसल्या. म्हनलं, तीन कशा? आसरा सात असत्यात. चार आमी पुऱ्या केल्या."

"त्या तीन मी रंगवल्या होत्या."

"मग काम अर्धं टाकून कशाला गेलात?"

मी मध्ये पडले. "अगं, जरा शेंदूर खरवडून खालचा रंग बघू दे तिला. देवीला न्हायला घातलं समज."

"सोमवारी मशीन येतंय, आजी. त्याबी जातील अन् तुमची खडीबी. तवर तरी ऱ्हाऊ द्या की शेंदरात."

सत्यशीलानं हातातला चाकू पिशवीत टाकला. "टेप धरा, आई."

सगळं पुन्हा मोजलं. वरची खडी तांबूस, घट्ट. खालची सुटी, रेताड. त्या दोन्ही ओळखू आल्या. मधली कुठं सुरू होते, ते मात्र घसरलेल्या मातीत गेलं होतं. ती नखांनी उकरत राहिली. उन्हं उतरली.

"अगं, अंदाजानं ओढ एक रेघ," मी कंटाळून म्हटलं. "कोण येणार आहे तपासायला? भिंतच तर येणार."

"म्हणूनच नाही ओढता येत, आई."

चित्र आता झालंय. वरची रेघ सलग, खालचीही सलग. मधली तुटक, आणि शेजारी तिच्या अक्षरात लिहिलंय, 'नक्की सांगता येत नाही.' परवा ते कॉलेजात देऊन आली आणि दुपारभर झोपली. मी उठवलं नाही.